युद्धाचा खर्च कोण भरतो? दुसरे महायुद्ध आणि भारताची अर्थव्यवस्था



शाळेत आपण युद्धे तारखांनी शिकतो. कोण जिंकले, कोण हरले, तह कुठे झाला. अर्थशास्त्राचा आणि सामाजिक इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: या युद्धाचा खर्च कोणी भरला? सैनिकाचा पगार, त्याचे बूट, बंदुकीतील गोळी, आगगाडीचा कोळसा, हे सर्व कोणाच्या तरी ताटातून, खिशातून किंवा श्रमातून येते. ते कोणाच्या ताटातून आले हे कळले, की युद्धानंतर समाज असा का बदलला याचे बरेचसे उत्तर मिळते.

या पाठात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत: १९३९ ते १९४५ मधील भारत. बहुतेक लढाया भारताच्या सीमेबाहेर झाल्या. तरीही या सहा वर्षांनी आपल्या चलनावर, बाजारावर, कायद्यांवर आणि विशेषतः बंगालच्या खेड्यांवर जो परिणाम केला, तो अनेक प्रत्यक्ष रणभूमींपेक्षा खोल होता.

खर्च भागवण्याचे तीन मार्ग

युद्धासाठी सरकारला पैसा तीन प्रकारे मिळतो. पहिला कर, दुसरा कर्ज, तिसरा नवीन चलन. अनेक आर्थिक संस्थांचा जन्मच युद्धखर्चातून झालेला आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला कर्ज मिळावे म्हणून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. नेपोलियनच्या काळातील युद्धांसाठी ब्रिटनने १७९९ मध्ये पहिल्यांदा प्राप्तिकर बसवला. भारतात प्राप्तिकर आला तो १८६० मध्ये. १८५७ चा उठाव मोडून काढताना तिजोरी रिकामी झाली होती आणि ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो लागू केला. आज तुम्ही किंवा तुमचे पालक जे विवरणपत्र भरतात, त्याचे मूळ तिथे आहे.

कर आणि कर्ज यांत एक गोष्ट समान आहे. पैसे कोण देतो आहे हे दिसते. नवीन चलनाचे तसे नाही. सरकार नोटा छापून वस्तू विकत घेते, बाजारात वस्तू तेवढ्याच किंवा कमी राहतात, पैसा वाढतो आणि किमती चढतात. कोणाच्याही दारात वसुलीसाठी शिपाई येत नाही. पण ज्याचे उत्पन्न किमतींच्या वेगाने वाढत नाही त्याच्या हातची वस्तू कमी होते. ती कमी झालेली वस्तू म्हणजेच त्याने भरलेला कर. भाववाढीला छुपा कर म्हणतात ते याच अर्थाने.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९४० मध्ये ब्रिटनसाठी नेमका हाच प्रश्न मांडला होता. युद्धकाळात लोकांच्या हातात पैसा वाढणार, पण विकत घ्यायला वस्तू नसणार. मग तो पैसा भाववाढीने काढून घ्यायचा, की कर आणि सक्तीच्या बचतीने? केन्स यांचे म्हणणे होते, दुसऱ्या मार्गाने. ब्रिटनने बऱ्याच अंशी तसे केले. प्राप्तिकराचा मूळ दर पौंडाला दहा शिलिंग, म्हणजे निम्मा झाला. जानेवारी १९४० पासून अन्नाचे रेशनिंग सुरू झाले. सरकारने अनुदान देऊन अन्नधान्याच्या किमती धरून ठेवल्या. हाल झालेच, पण ते पुष्कळसे वाटून घेतले गेले.

त्याच ब्रिटनच्या अमलाखालील भारतात काय झाले ते आता पाहू.

नोटा कशा वाढल्या?

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याची घोषणा केली. भारतीय नेत्यांना विचारले नव्हते. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हा राजकीय भाग तुम्हाला माहीत असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेला आर्थिक करार मात्र पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही.

या करारात संरक्षणाचा खर्च दोन सरकारांमध्ये वाटला गेला. शांततेच्या काळात सैन्यावर जेवढा खर्च होत असे तेवढा, किमती वाढतील त्या प्रमाणात वाढवून, भारताने द्यायचा. शिवाय केवळ भारताच्या संरक्षणासाठी जे उपाय करावे लागतील त्यांचाही खर्च भारताचा. बाकीचा, म्हणजे मुख्यतः परदेशी लढणाऱ्या फौजांचा आणि त्यांना पुरवलेल्या साहित्याचा खर्च ब्रिटनचा. कागदावर ही वाटणी भारताला वाईट नव्हती. संपूर्ण युद्धकाळात भारतात झालेल्या संरक्षण खर्चाचा ढोबळमानाने निम्मा भाग ब्रिटनच्या नावावर पडला.

मग अडचण कुठे आली? ब्रिटन पैसे कसे देणार, यात. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, लष्कराने कानपूरच्या एका कारखान्याकडून एक लाख रुपयांचे बूट घेतले. हे बूट उत्तर आफ्रिकेतील सैनिकांसाठी आहेत, म्हणजे खर्च ब्रिटनचा. कारखानदाराला रुपये हवेत आणि ते लगेच हवेत. भारत सरकार त्याला एक लाख रुपये देते. त्याबद्दल ब्रिटन लंडनमध्ये भारताच्या खात्यावर ७,५०० पौंड जमा करते, कारण रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला आहे. हे पौंड रिझर्व्ह बँकेकडे येतात आणि ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवले जातात. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार ठरलेल्या दराने पौंड विकत घेणे बँकेला बंधनकारक होते, आणि स्टर्लिंग रोखे तारण धरून नोटा काढण्याची तिला मुभा होती. म्हणून एक लाखाच्या नव्या नोटा बाजारात येतात.

आता शेवटी हिशेब मांडून पाहा. बूट देशाबाहेर गेले. एक लाख रुपये देशात राहिले. त्या रुपयांनी विकत घ्यायला काय आले? काहीच नाही. ब्रिटनचे कारखाने युद्धसामग्री बनवण्यात गुंतलेले आणि माल आणायला जहाजे नाहीत. लंडनमधला आकडा मात्र वाढला.

बुटांच्या जागी तंबू, घोंगड्या, ताग, लाकूड, गहू, कापड घ्या आणि हा व्यवहार सहा वर्षे रोज चालतो असे समजा. १९३९ मध्ये चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपताना त्या ११०० कोटींच्या वर गेल्या होत्या, म्हणजे सहापटीहून अधिक. घाऊक किमतींचा निर्देशांक ऑगस्ट १९३९ ला १०० धरला तर १९४४-४५ मध्ये तो २४० च्या पलीकडे होता. ही सरकारी आकडेवारी. तिच्यात नियंत्रित भाव धरलेले आहेत, त्या भावाने वस्तू मिळतच असे नाही.

भारत सरकारने कर आणि कर्ज यांचा मार्ग का धरला नाही, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. धरला, पण तो पुरला नाही. १९४० मध्ये जादा नफ्यावर कर बसवला, पोस्टातून संरक्षण बचत प्रमाणपत्रे विकली, पुढे १९४३ पासून बाजारातला पैसा शोषून घेण्यासाठी सोनेही विकले. परंतु प्राप्तिकर भरणारा वर्ग अगदी लहान होता. आणि ज्या सरकारने न विचारता देशाला युद्धात ढकलले, १९४२ मध्ये नेत्यांना तुरुंगात टाकले, त्याला लोकांनी उत्साहाने कर्ज का द्यावे? लोकांचा विश्वास नसलेले सरकार कर आणि कर्ज एका मर्यादेपर्यंतच उभारू शकते. उरलेले नोटांनी भागते.

या अविश्वासाची एक खूण म्हणजे नाण्यांची टंचाई. लोक चांदीचे रुपये दडवू लागले. १९४० मध्ये सरकारने रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली आणि एक रुपयाच्या नोटा काढल्या. तांब्याचीही चणचण होती, म्हणून १९४३ पासून मध्ये भोक असलेला एक पैसा निघाला. जुन्या घरांत देवघराच्या डब्यात किंवा करगोट्यात ओवलेला तो अजून सापडतो. सापडला तर वर्ष वाचून पाहा.

बंगाल, १९४३

भाववाढ सर्वांना सारखी लागत नाही, हे वाक्य परीक्षेत लिहायला सोपे आहे. त्याचा अर्थ बंगालमध्ये दिसला.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. बंगालच्या एकूण गरजेच्या मानाने ही आयात फार मोठी नव्हती, पण बाजाराच्या मनावर तिचा परिणाम मोठा झाला. जपानी फौजा किनाऱ्यावर उतरतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांत दोन गोष्टी केल्या. एक, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिथला ‘जादा’ तांदूळ उचलला. दोन, दहापेक्षा अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. अशा होड्यांची संख्या चाळीस हजारांवर जाते. पूर्व बंगाल हा नद्यांचा मुलूख. तिथे होडी म्हणजे कोळ्याचे शेत, कुंभाराची बैलगाडी आणि बेटावर शेती असलेल्या माणसाचा रस्ता. युद्धाने त्यांचे हत्यारच काढून घेतले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला मोठे चक्रीवादळ झाले आणि उभे पीक गेले. डिसेंबरात कोलकात्यावर बॉम्ब पडले. आसपासच्या प्रांतांनी आपले धान्य बाहेर जाऊ नये म्हणून बंदी घातली होती. मार्च १९४३ मध्ये बंगाल सरकारने तांदळावरील भावनियंत्रण सोडून दिले. कोलकात्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये होता. मार्चमध्ये तो एकवीस झाला, मे महिन्यात तिसाच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये सदतीसवर पोहोचला. काही जिल्ह्यांत पुढे तो याहूनही कितीतरी चढला.

हे आकडे मजुराच्या दृष्टीने वाचू. समजा, त्याला दिवसाला आठ आणे मिळतात. मण म्हणजे चाळीस शेर. साडेतेरा रुपये मण या भावाने आठ आण्यांत त्याला जवळपास दीड शेर तांदूळ मिळतो. घरात पाच तोंडे असली तरी कसेबसे भागते. सदतीस रुपये मण या भावाने तेवढ्याच पैशांत अर्धा शेर. मजुरी आठ आण्यांवरून दहा आणे झाली तरी पाऊण शेरही होत नाही. आणि हे काम मिळाले तर.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात याच बाजूने दुष्काळाकडे पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये पडला. म्हणजे धान्य किती होते यापेक्षा ते मिळवण्याचा हक्क आणि ऐपत कोणाकडे होती, हा प्रश्न महत्त्वाचा. लष्करी बांधकामे, विमानतळ, कारखाने यांच्याकडे पैसा वाहत होता. तो ज्यांच्या हाती पडला ते चढ्या भावाने तांदूळ घेऊ शकत होते. कोलकात्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांसाठी तर मालक आणि सरकार यांनी मिळून स्वस्त धान्याची वेगळी सोय केली होती. ते धान्य ग्रामीण बंगालमधूनच खेचले जात होते.

मेले कोण ते पाहिले की ही वाटणी स्पष्ट होते. शेतमजूर, कोळी, वाहतुकीची कामे करणारे, गावातील कारागीर. न्हाव्याचे उदाहरण सेन यांनी घेतले आहे आणि ते लक्षात राहण्याजोगे आहे. टंचाईत माणूस पहिल्यांदा काय पुढे ढकलतो? केस कापणे. न्हाव्याच्या भागात तांदूळ असो वा नसो, त्याच्या कामाला गिऱ्हाईकच उरत नाही. ज्यांच्या घरात स्वतःच्या शेतातला तांदूळ होता ते बहुतेक वाचले. खंडाने जमीन करणारा पण वाटा धान्यात घेणारा शेतकरीही मजुरापेक्षा बऱ्या स्थितीत राहिला. एकाच गावात, एकाच पिकाच्या वर्षात.

सेन यांच्या मांडणीवर वाद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असावेत. काही अभ्यासक म्हणतात की १९४२ च्या हिवाळी भातावर रोग पडला होता आणि खरी तूट सरकारी आकड्यांपेक्षा मोठी होती. इतर काही जण ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाकडे बोट दाखवतात, कारण भारतातून वारंवार मागणी होऊनही धान्यासाठी पुरेशी जहाजे मिळाली नाहीत. माझ्या मते हे तीन मुद्दे एकमेकांना छेद देत नाहीत. तूट असली तरी ती कोणाच्या वाट्याला जाईल हे भाववाढीने ठरवले, आणि बाहेरून धान्य आणून ती वाटणी बदलण्याची संधी लंडनने घेतली नाही.

मृतांच्या संख्येबाबत सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये सुमारे १५ लाख हा आकडा दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २१ लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात. पुष्कळ माणसे उपासमारीने नव्हे, तर त्यानंतर आलेल्या मलेरिया, पटकी, देवी अशा रोगांनी गेली, म्हणून मृत्यू १९४४ मध्येही चालू राहिले. सरकारने दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ अधिकृतपणे जाहीरही केला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा देशाला आणि जगाला हे दिसले.

जे जगले त्यांतल्या अनेकांनी जमीन गमावली. प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळानंतर केलेल्या पाहणीत अडीच लाखांच्या आसपास कुटुंबांची सर्व भातजमीन हातची गेल्याचे दिसले. जमीन ज्यांनी घेतली त्यांच्याकडे त्या वर्षी रोकड होती. १९४६ मध्ये बंगालमध्ये बटाईदारांनी पिकाचा दोनतृतीयांश वाटा मागत तेभागा आंदोलन उभे केले. त्याच्या मागची ही पार्श्वभूमी विसरू नका.

ज्यांचे हात पोहोचले

भाववाढीत हरणारे असतात तसे जिंकणारेही असतात. कापड गिरण्या, ताग गिरण्या, लष्कराचे ठेकेदार, धान्याचे आणि कापडाचे व्यापारी यांचे नफे फुगले. कापडाचा मोठा हिस्सा लष्कराकडे जात असल्याने गावात साडी मिळेना. जून १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले आणि ताग्यांवर किंमत छापणे सक्तीचे झाले. ‘काळा बाजार’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो याच वर्षांत.

भारतात उद्योगांचा पाया युद्धाने घातला, असे विधान तुम्हाला काही पुस्तकांत मिळेल. ते जपून वापरा. असलेल्या यंत्रांवर पाळ्या वाढवून उत्पादन वाढले हे खरे. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू केली, हेही खरे. १९४२ मध्ये सरकारने तिचा ताबा घेतला. पण नवी यंत्रे बाहेरून येत नव्हती. जुनी यंत्रे, इंजिने, डबे रात्रंदिवस वापरून झिजली आणि १९४५ नंतर ती बदलायचा खर्च समोर उभा राहिला.

संघटित कामगारांची स्थिती मधली होती. त्यांना भाववाढीची भरपाई मागता येत होती. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. सरकारी नोकराच्या पगारपत्रकात आज ‘महागाई भत्ता’ हा जो रकाना असतो, तो युद्धकाळातील अशा मागण्यांतून रुजला. जुलै १९४२ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून बोलण्याची त्रिपक्षीय परिषद त्याच काळात सुरू झाली. युद्धाला उत्पादनात खंड परवडत नव्हता, म्हणून कामगारांचे ऐकले गेले. बारिसालच्या कोळ्याचा संप कोणाच्या कामात खंड पाडणार होता?

नियंत्रणे आली आणि राहिली

बंगालनंतर सरकारने धडा घेतला, हे नोंदवायला हवे. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि ते बऱ्यापैकी चालले. त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने ब्रह्मदेशच्या तांदळावर फार अवलंबून होती. तिथे व्यापक रेशनिंग उभे राहिले. अन्नधान्य धोरण समितीने त्याच वर्षी मोठ्या शहरांत रेशनिंगची शिफारस केली. कोलकात्यात ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस आले, तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते.

युद्ध संपल्यावर ही यंत्रणा मोडली गेली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहामुळे धान्यावरील नियंत्रणे उठवायला सुरुवात झाली, भाव चढले आणि १९४८ मध्ये ती परत आणावी लागली. युद्धकाळातील ‘भारत संरक्षण नियमां’खाली केलेल्या तात्पुरत्या तरतुदी एकेक करून कायमच्या कायद्यांत गेल्या. १९४६ चा तात्पुरता पुरवठा कायदा १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. सप्टेंबर १९३९ मधील परकीय चलनावरील बंधने १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्यात आली, १९७३ मध्ये आणखी कडक झाली आणि १९९९ च्या ‘फेमा’पर्यंत टिकली. आयातीचे परवाने १९४० चे. भांडवल उभारणीवरील नियंत्रण मे १९४३ चे. ते रद्द झाले १९९२ मध्ये, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले तेव्हा. ज्याला आपण ‘परवाना राज’ म्हणतो आणि नेहरूंच्या समाजवादाशी जोडतो, त्याची पुष्कळशी हत्यारे युद्धाच्या कोठारातून आलेली आहेत.

सर्वांत चिवट उदाहरण मुंबईच्या घरभाड्याचे. युद्धकाळात शहरात गर्दी वाढली म्हणून भाडी गोठवली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे ‘प्रमाण भाडे’ धरले. हा कायदा मुदतवाढ घेत घेत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. भाडे गोठले, घरमालकाने दुरुस्ती सोडली, पागडी वाढली आणि चाळी जीर्ण झाल्या. भाडेकरूला मात्र त्याच कायद्यामुळे शहराच्या मध्यभागी राहता आले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

लंडनमधल्या आकड्याचे काय झाले?

आता पुन्हा त्या ७,५०० पौंडांकडे येऊ. सहा वर्षांत असे पौंड साठत गेले. त्यांतून भारताने ब्रिटनचे जुने कर्ज, ३० कोटी पौंडांहून अधिक, फेडून टाकले. तरी १९४६ मध्ये रिझर्व्ह बँकेची स्टर्लिंग शिल्लक १,७३३ कोटी रुपयांवर, म्हणजे सुमारे १३० कोटी पौंडांवर पोहोचली. कर्जदार भारत ब्रिटनचा सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एक झाला. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास आदी उद्योगपतींनी मांडलेल्या ‘मुंबई योजने’त १०,००० कोटींपैकी १,००० कोटी याच शिलकीतून धरले होते. त्याच योजनेत ३,४०० कोटी रुपये नवीन चलनातून उभारायचे होते. भाववाढीचा अनुभव ताजा असताना!

ब्रिटनजवळ हे पैसे एकदम द्यायला नव्हते. चर्चिल यांचा सूर तर असा होता की भारताचे रक्षण केले त्याचे प्रतिदेणे लावून ही रक्कम कमी करावी. भारताने ते मानले नाही, आणि रक्कम सरसकट बुडाली नाही. पण ती गोठवली गेली आणि हप्त्याहप्त्याने सोडली गेली. जुलै १९४८ च्या करारात त्यातून १० कोटी पौंड ब्रिटनने भारतात सोडलेल्या लष्करी साहित्यापोटी वळते झाले आणि सुमारे १६.८ कोटी पौंड ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनांची तरतूद करण्यासाठी गेले. पाकिस्तानचा वाटा वेगळा निघाला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आले. रुपयाचेही अवमूल्यन झाल्याने रुपयांतला आकडा तोच राहिला, पण त्या पैशाने अमेरिकेतून यंत्रे किंवा गहू घ्यायचा झाला तर तो तीन दशांशाने कमी भरत होता.

उरलेली शिल्लक धान्याच्या आयातीत आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीत संपत गेली. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की रिझर्व्ह बँकेचा कायदाच बदलावा लागला. नोटांमागे प्रमाणात सोने आणि परकीय रोखे ठेवण्याची जुनी अट आधीच गेली होती, आणि आता ११५ कोटींच्या सोन्यासह किमान २०० कोटींचा राखीव निधी पुरेसा ठरवला गेला. पुढच्याच वर्षी भारताला मदत देणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला. त्यात ब्रिटनही होता.